उन्हाच्या दिवसात मेंढ्या कातरायच्या असतील तर : वीस-पंचवीस मेंढ्यांच्या नवख्या पालकांसाठी

हल्ली माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात बरीच पोरं मेंढीपालनात उतरलीत, कोणी नोकरी सोडून, कोणी डाळिंबाची बाग काढून टाकल्यावर. शेड कसं बांधायचं, मुरघास कसा करायचा, लसी कधी टोचायच्या हे सगळं त्यांना पाठ असतं पण कातरणीचा विषय निघाला की गप्प होतात. कारण घरात धनगरकी नसली की हे काम कोणी शिकवलेलंच नसतं, आणि यूट्यूबवर बघायला जावं तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे व्हिडिओ, तिथली मेंढी वेगळी, लोकर वेगळी, हवा वेगळी, आणि तो माणूस दोन मिनिटात अख्खी मेंढी सोलून काढतो ते बघून आपल्यालाही वाटतं जमेल की. तसं जमत नाही. हे लिहिलंय ते आपल्या दख्खनी मेंढीसाठी, छोट्या कळपासाठी, आणि सकाळी अकरा वाजताच पत्रा तापायला लागतो अशा दिवसांसाठी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडच्या लोकरीला भाव नाही. दख्खनी मेंढी वर्षाच्या दोन्ही कातरण्या मिळून साधारण अर्धा ते पाऊण किलो लोकर देते, तीही भरड, आणि ती विकून कातरणाऱ्याची मजुरी सुटेलच याची गॅरंटी नाही. म्हणजे आपण कातरतो ते मेंढीच्या अंगासाठी, गोचीड-उवा कमी व्हाव्यात, अंगाला हवा लागावी, कुसळं अडकू नयेत यासाठी. मग लोकर वरखाली कातरली गेली, एखादा पुंजका राहिला, दोन दिवस जास्त लागले तरी काय बिघडतं? काहीच नाही. मेंढीला ऊन लागलं किंवा सड कापला गेला तर मात्र बिघडतं. खाली जे जे सांगितलंय ते सगळं याच हिशोबानं.

कधी कातरायचं

साधारण दोन हंगाम. एक थंडी सरल्यावर, फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा, आणि दुसरा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर. फेब्रुवारीत जमलं तर सगळ्यात उत्तम कारण ऊन चढायच्या आत पुन्हा बोटाच्या पेराएवढी लोकर येते आणि तेवढी लोकर मेंढीला उन्हापासून वाचवते. हे नवीन माणसाला पटत नाही, त्याला वाटतं एप्रिलमध्ये गरम होतंय तर तासून काढू म्हणजे बिचारीला गार वाटेल. उलट आहे. भर उन्हात चामडीपर्यंत भादरलेल्या मेंढीच्या पाठीवर ऊन थेट पडतं, चामडी भाजते, आणि ती जास्त धापते. थोडी लोकर अंगावर असली की ऊन वरच्यावर अडतं. दाट, मळकट, गुंता झालेली लोकर वाईट आणि तुळतुळीत पण वाईट, मधलं पाहिजे. म्हणून उशीर झालाच असेल तर कातरा पण अर्धा-पाऊण सेंटिमीटर लोकर अंगावर ठेवून कातरा, कात्रीनं ते आपोआपच होतं, मशीनवाल्यांनी लक्ष द्यायचं.

ऑक्टोबरच्या कातरणीला वेगळं कारण आहे. पावसाळ्यानंतर माळावरचं कुसळी गवत पक्व होतं आणि त्याची कुसळं लोकरीत शिरतात, तिथून चामडीत, काही वेळा आरपार मांसात. ती एकदा रुतली की मेंढी खाणंच सोडते. लोकर आखूड असली की कुसळ टिकत नाही, म्हणून कुसळ धरायच्या आत कातरून घ्यायचं. पण तेव्हा परतीच्या पावसाचा भरवसा नसतो आणि मार्चमध्ये अवकाळीचा आणि गारांचा. नुकती कातरलेली मेंढी रात्रभर पावसात भिजली तर न्यूमोनियानं जाते, म्हणून हवामानाचा अंदाज पुढचे तीन-चार दिवस कोरडा असेल तेव्हाच तारीख धरा आणि काहीही झालं तरी रात्री छपराखाली घ्यायची सोय ठेवा. ऊन आणि गारठा दोन्ही एकाच आठवड्यात, आपल्याकडे असंच असतं.

कोणाला कातरायचं नाही हे पण ठरवा. विण्याला महिना-दीड महिना राहिलेली गाभण मेंढी सोडून द्या, ती नंतर बघू. आजारी, अशक्त, नुकती हगवणीतून उठलेली पण नको. माडग्याळ मेंढीच्या अंगावर तशी लोकर कमीच असते, केसाळ अंग असतं, तिला पोट आणि मांड्या साफ केल्या तरी पुष्कळ झालं.

आदल्या दिवसाची तयारी

खरं काम आदल्या दिवशीच होतं. आमच्याकडे जुनी माणसं कातरणीच्या दोन-तीन दिवस आधी मेंढरं ओढ्यात नाहीतर कॅनॉलला धुवून काढायची. त्यात तथ्य आहे, कारण माणदेशातली मेंढी म्हणजे लोकरीत निम्मी माती आणि मातीनं कात्रीची धार पाच मेंढ्यांत जाते. पण धुतलं तर पूर्ण वाळायला किमान दोन ऊन द्यायला लागतात. ओली मेंढी कधीही कातरू नका, कात्री नीट चालत नाही, मशीनचा शॉक बसू शकतो आणि ओली लोकर गोणीत भरली की आतून गरम होऊन कुजते. पाणीटंचाई असेल तर धुणं सोडून द्या, काही अडत नाही, फक्त रात्री कोरड्या जागी बसवा, शेणामुतात नको.

संध्याकाळी चारा बंद करायचा. पोट भरलेली मेंढी उलटी पाडली की पोटाचा दाब फुफ्फुसावर येतो, तिला श्वास घेता येत नाही, ती पाय झाडते आणि मग कात्री लागते. रात्रीचा चारा नाही, सकाळी काही नाही, कातरून झालं की लगेच खायला. पाण्याच्या बाबतीत मात्र पुस्तकात लिहिलेलं आपल्या हवेत चालत नाही, बाहेरच्या देशात पाणीसुद्धा बंद ठेवतात पण इथं मार्च-एप्रिलमध्ये तसं करू नका. रात्रभर पाणी समोर असू द्या, फक्त कातरणीच्या आधी तास-दोन तास बादली उचला. लहान कोकरं आयांपाशी पिऊ देत, त्यांना उपाशी ठेवायचं नाही.

जागा ठरवताना सावली आधी बघा आणि बाकी सगळं नंतर. लिंबाचं किंवा चिंचेचं मोठं झाड असेल तर शेडपेक्षा तेच बरं, कारण झाडाखाली वारा खेळतो आणि पत्र्याखाली दहानंतर नुसती भट्टी. पत्र्याचंच शेड असेल तर वर उसाचं पाचट किंवा जुना कडबा अंथरून सकाळी त्यावर पाणी मारा, आत बराच फरक पडतो. शेडनेट असेल तर उंच बांधा, डोक्याला टेकेल असं नाही.

खाली अंथरायला स्वच्छ ताडपत्री किंवा प्लायवूड. सिमेंटचा कोबा झाडून घेतला तरी चालतं. ते निळं विणलेलं प्लास्टिक आणि जुनी खताची पोती नकोत, त्याचे धागे सुटून लोकरीत जातात आणि एकदा गेले की कोणी काढत बसत नाही, घोंगडी विणणारा ती लोकर बघूनच परत देतो. सुतळीचं पण तेच.

सामानात काय लागतं ते बघा: दोन कात्र्या, म्हणजे एक चालू आणि एक धार लावून तयार, धारेचा दगड, तेलाची डबी, फडकी, बादलीत पातळ केलेलं जंतुनाशक, पोव्हिडोन आयोडीन, जखमेवर माशा बसू नयेत असं स्प्रे किंवा मलम, सुती दोरी, झाडू, दोन-तीन गोण्या, थर्मामीटर, आणि पाण्याचे दोन ड्रम. थर्मामीटर विसरू नका, तो का हवा ते पुढं सांगतो. धनुर्वाताच्या लसीबद्दल आपल्या पशुवैद्यकाला आधीच विचारून ठेवा, आणि माणसांचं पण बघा, कातरणाऱ्याच्या हाताला कात्री लागतेच.

माणसं किती? वीस मेंढ्यांना चार माणसं आरामात पुरतात, दोघं कातरणारे, एक धरून आणणारा, आणि एक लोकर उचलणारा-झाडणारा-पाणी बघणारा. शेजारी कोणी मेंढीवाले असतील तर सावडीनं करा, आज ते तुमच्याकडे उद्या तुम्ही त्यांच्याकडे, मजुरी वाचते आणि मुख्य म्हणजे हात शिकतो. पहिल्या वर्षी तरी एखाद्या जाणत्या धनगर आबांना बोलवाच. त्यांच्याबरोबर एक सकाळ बसलात तर हा लेख वाचायची पण गरज राहणार नाही. पैसे तर द्याच, वर जेवण पण नीट घाला, कातरणीच्या दिवशी नुसत्या चहा-बिस्किटावर माणसांची बोळवण करणं बरं दिसत नाही.

दिवस उजाडल्यावर

दिसायला लागलं की सुरू. मार्चमध्ये साडेसहाला पहिली मेंढी खाली पाहिजे. दहा-साडेदहाला थांबायचं, किती राहिल्यात ते बघायचं नाही. राहिलेल्या संध्याकाळी पाचनंतर नाहीतर उद्या. नवखा माणूस इथंच चुकतो, चारच राहिल्यात उरकून टाकू म्हणतो आणि त्या चारातली एक धापा टाकत बसते. हात बसलेला माणूस कात्रीनं दहा-पंधरा मिनिटात एक मेंढी मोकळी करतो, तुम्हाला सुरुवातीला अर्धा तास लागेल, म्हणजे दोघं नवखे असाल तर एका सकाळी दहा-बारा होतील, त्यापेक्षा जास्त धरूच नका. वीस मेंढ्यांना दोन सकाळी. घाई कुणाला आहे?

वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावून किंवा गेट आडवं करून मेंढ्या सावलीत एका लहान जागेत घ्या पण चेंगरून नको, एकमेकींच्या अंगाची गरमी पण भरपूर असते. पळवून पळवून पकडायचं नाही. पळालेली मेंढी आधीच तापलेली असते, तिला कातरायच्या आधी पंधरा मिनिटं उभी राहू द्या. कुत्रं बांधून ठेवा.

क्रम असा ठेवा. आधी कोकरं आणि तरण्या मेंढ्या, मग मोठ्या, मग एडके. पांढऱ्या आधी, काळ्या नंतर, म्हणजे पांढऱ्यात काळा केस जात नाही. अंगावर गाठी, खरूज किंवा फोड असलेली मेंढी एकदम शेवटी आणि तिच्यानंतर कात्री जंतुनाशकात बुडवून घ्यायची, गाठींमधला पू कात्रीवरून दुसरीच्या जखमेत गेला की अख्ख्या कळपाला गाठी होतात. ओठावर मावा आलेली मेंढी तर या वेळी सोडूनच द्या, तो माणसाच्या हातालाही लागतो.

पकडणं आणि पाडणं

लोकर धरून मेंढी ओढायची नाही. तिला दुखतं आणि खाली चामडी काळीनिळी होते, लोकरीमुळे दिसत नाही एवढंच. एक हात जबड्याखाली, दुसरा भकाळीपाशी, म्हणजे बरगडी आणि मांडीच्या मधल्या खळग्यापाशी, किंवा मागं शेपटीच्या बुडाशी, आणि चालवत आणायची.

पाडायच्या दोन रीती आहेत. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे मेंढी कुशीवर पाडायची आणि तीन पाय सैल बांधायचे, एक मोकळा. नवख्यानं हीच धरावी कारण दोन्ही हात मोकळे राहतात. दोरी सुती आणि रुंद, गाठ एका ओढीत सुटणारी, आणि बांधलेली मेंढी तशीच टाकून चहाला जायचं नाही, उन्हात तर मुळीच नाही. दुसरी रीत बाहेरच्या लोकांची, मेंढीला ढुंगणावर बसवून तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची, यात ती शांत बसते, बांधायला लागत नाही, पण कंबर आपली जाते आणि ते शिकायला वेळ लागतो. मशीननं कातरणार असाल तर पुढंमागं ही शिकून घ्या.

कात्री चालवणं

सगळं कसब डाव्या हातात आहे. उजवा हात नुसता कात्री उघडझाक करतो, डावा हात चामडी ताणून धरतो. चामडी ताणलेली असेल तर कापत नाही, सैल घडी आली की कात्री ती घडी लोकर समजून कापते. बस एवढंच, पण हे हाताला कळायला दहा मेंढ्या जाव्या लागतात.

पोटापासून सुरू करा. पोटाची लोकर विरळ आणि घाण असते, ती वेगळी टाकायची. पोटावर कात्री छातीकडून मागे आणताना बेंबी आणि कासेच्या अलीकडे थांबा. आता डाव्या हाताचा पंजा कासेवर पालथा ठेवा, सड तळव्याखाली झाकून, आणि मग आजूबाजूची लोकर बारीक बारीक कातरा. सड कापला गेला तर ती मेंढी त्या बाजूनं कायमची गेली, पुढच्या वेताला कोकराचे हाल. नराच्या बाबतीत लिंगाच्या पिशवीचं तोंड असंच बोटांनी झाकायचं, अंडाच्या वर जास्त शहाणपणा करायचा नाही, थोडी लोकर राहू दे.

मग मांड्या आणि शेपटीखालचा भाग, इथं लेंड्या चिकटून कडक झालेल्या असतात, त्या आधी तोडून घ्या नाहीतर कात्री अडकते. मागच्या पायावर खाली येताना टाचेच्या वरच्या धोंडशिरेकडे लक्ष, ती तुटली तर मेंढी खाटकाकडेच. मग भकाळीपासून वर पाठीकडे, लांब लांब घाव, एकाच जागी दोनदा कात्री मारायची नाही, त्यानं तुकडे तुकडे लोकर होते आणि ती कोणाच्याच कामाची नसते. भकाळीजवळ चामडीची जी घडी असते तिथं पाय मागे ताणून धरला की ती सपाट होते. कण्यावर आणि खुब्याच्या हाडावर हलक्या हातानं. शेवटी मान आणि गळा, डोकं मागे वळवून धरलं की गळ्याची चामडी ताणते. कान दुसऱ्या हातात गोळा करून धरा. डोक्यावरची आणि पायाच्या खालच्या भागातली लोकर असू द्या, तिथं काही मिळत नाही.

एक कूस झाली की मेंढी पाठीवरून नाही तर पायांवरून पलटी करायची, पाय जमिनीकडून फिरवून दुसऱ्या कुशीवर. पाठीवरून गरगर लोळवली तर आतडं पिळायची भीती असते.

मशीनवाल्यांसाठी थोडं. मशीन जोरात चालतं म्हणून काम लवकर होतं हे खरं पण उन्हात फणी आणि कटर भयंकर तापतात. दोन मेंढ्या झाल्या की फणी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, आपल्याला चटका बसला तर मेंढीलाही बसतोय. दर मेंढीला दोन-चार थेंब तेल, आणि दोन कटर आलटूनपालटून. नट जास्त आवळला की लवकर तापतं, फार सैल ठेवला की लोकर ओढतं, कापेल इतपतच आवळायचं. लोड शेडिंगचं वेळापत्रक बघून घ्या, अर्धी कातरलेली मेंढी आणि गेलेली लाईट हे नको. वीस मेंढ्यांसाठी नवीन मशीन विकत घेऊ नका असं माझं मत, दोन चांगल्या कात्र्या पुरतात.

लागलंच तर

लागणारच. साधं खरचटलं तर आयोडीन आणि वर माशीचं स्प्रे, जाऊ दे पुढं. आमच्याकडे हळद-तेल लावतात, रक्त थांबायला ठीक आहे पण त्यावर माशी बसते, आणि उन्हाळ्यात माशी बसली की दोन-तीन दिवसात जखमेत किडे पडतात, म्हणून स्प्रे पाहिजेच. चामडी फाटून उघडी पडली असेल, बोटभर तरी, तर फडकं दाबून धरा आणि डॉक्टरला बोलवा, टाका घालायला लागतो. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर 1962, मोबाईलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा. कातरलेल्या प्रत्येक मेंढीची जखम पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी बघायची, जी मेंढी सारखी मागे वळून अंग चावते, पाय आपटते, शेपूट हलवत एका जागी ठरत नाही तिला आधी पकडा, तिथं किडे असतात.

ऊन लागल्याची खूण

हे नीट वाचा. मेंढीला घाम फारसा येत नाही, ती धापून अंग गार करते. म्हणून श्वास मोजायचा, भकाळी वरखाली होते ती पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा. सावलीत निवांत मेंढीचा मिनिटाला वीस-तीस असतो. साठ-सत्तरच्या वर गेला की तिला गरम होतंय. शंभर ओलांडला की तिच्यावर काम बंद. आणि तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय, मान पुढं ताणलेली असेल तर ती धोक्यात आहे, अर्धी कातरलेली असली तरी सोडून द्या, अर्धवट कातरलेली मेंढी दिसायला विचित्र दिसते पण जगते. ताप बघा, मेंढीचा नेहमीचा ताप 102 ते 103.5 फॅरनहाइट असतो, कातरताना थोडा वाढतोच, पण 105 च्या वर गेला तर लगेच हालचाल करायची.

काय करायचं? सावलीत, जिथं वारा लागतो तिथं उभी करा. बसली असेल तर छातीवर नीट बसवा, कुशीवर पडू देऊ नका. पाय, पोट, जांघा आणि डोकं साध्या पाण्यानं भिजवा आणि पुठ्ठ्यानं वारा घाला. दाट लोकर असलेल्या पाठीवर नुसतं वरवर पाणी मारून उपयोग नाही, ते आत चामडीपर्यंत पोचतच नाही आणि वर ओलसर दमट थर होऊन बसतो. बर्फाचं पाणी नको. पाणी तिच्यापुढं ठेवा, तिनं स्वतः प्यायला हवं. मान वाकडी करून तोंडात बाटली ओतायची नाही, विशेषतः पडलेल्या मेंढीला, ते पाणी फुफ्फुसात जातं आणि उन्हानं नाही तर तुमच्या बाटलीनं मरते. अर्ध्या तासात श्वास खाली आला नाही, ती अडखळतेय किंवा उठत नाहीये, तर डॉक्टर.

माणसांचं पण तेच. टोपी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आणि दर तासाला दहा मिनिटं पाठ सरळ करणं. कातरणाऱ्याचा हात थकला की कात्री वेडीवाकडी जाते, त्यामुळे त्याची विश्रांती म्हणजे मेंढीचीच काळजी.

सोडल्यावर

पाय सोडला की मेंढी दोन उड्या मारते आणि अंग झाडते. लगेच पाणी. उन्हाळ्यात एक मेंढी दिवसाला पाच-सहा लिटर सहज पिते, अंगावर पाजत असेल तर अजून जास्त, हौद भरलेला पाहिजे. मग हिरवा चारा किंवा कडबा, खुराक त्या दिवशी कमीच, उपाशी पोटी एकदम धान्य घातलं तर पोट फुगतं.

इथं एक गंमत होते. कोकरं आपल्या आयांना ओळखत नाहीत, आई समोर उभी आणि कोकरू बें बें करत भलतीकडेच, तास-दीड तास नुसता कालवा. घाबरू नका, आवाज आणि वासावरून जमतं त्यांचं. संध्याकाळी एकदा सगळी पितायत का तेवढं बघा, विशेषतः पंधरा दिवसांच्या आतली. एडक्यांचं मात्र गंमतीचं नाही, कातरल्यावर ते एकमेकांना नवा समजून टकरा घेतात, डोकी फोडतात. त्यांना लहान जागेत दाटीवाटीनं ठेवा, मागे धावायला जागाच मिळाली नाही की टक्कर जोराची बसत नाही, पण ती जागा भरपूर सावलीची आणि वाऱ्याची पाहिजे.

पुढचे चार-पाच दिवस सकाळी अकरा ते चार बाहेर काढायच्या नाहीत. चरायला सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. गोऱ्या चामडीच्या मेंढ्यांची पाठ लाल दिसते का बघा, काळ्या दख्खनीला हा त्रास कमी होतो.

हातात मेंढी आलीच आहे तर दोन गोष्टी लगे हात बघून घ्या. खालची पापणी ओढा, गुलाबी असेल तर ठीक, पांढरट असेल तर रक्त कमी आहे आणि बहुतेक जंत आहेत. आणि पाठीच्या कण्यावर हात फिरवा, लोकरीखाली गुबगुबीत वाटणारी मेंढी कातरल्यावर किती बारीक निघते हे बघून धक्का बसतो. वहीत लिहून ठेवा. पण जंतनाशक, लस, खुरं कापणं सगळं त्याच दिवशी करायला जाऊ नका, एका गरम दिवसात तिला एकच त्रास पुरे.

लोकरीचं काय

पाठ आणि कुशीची लोकर एकीकडे, पोट आणि मांड्यांची घाण लोकर दुसरीकडे, रंगाच्या खुणा असलेले पुंजके कापून तिसरीकडे. कोकराची पहिली लोकर, जावळ, अगदी वेगळी ठेवा, ती मऊ असते आणि जावळाच्या घोंगडीला आजही विचारणारे लोक आहेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात सनगर मंडळी अजून घोंगड्या विणतात, लोकर पिंजून, सूत काढून, चिंचोक्याची खळ देऊन. त्यांच्यापैकी कोणाची ओळख निघत असेल तर गोणी भरायच्या आधी फोन करा, त्यांना कशी पाहिजे ते विचारा, कारण प्रत्येकाची मागणी वेगळी असते. गोणी कोरड्या जागी, जमिनीपासून वर, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, नाहीतर कसर लागते.

गिऱ्हाईक मिळालंच नाही तर जाळू नका, वास तर सुटतोच वर फुकट जातं. लोकरीत नत्र असतं आणि ती सावकाश कुजते. घाण लोकर डाळिंबाच्या किंवा आंब्याच्या आळ्यात ड्रिपरखाली पसरून वर माती ओढा, ओल धरून ठेवते, माणदेशात ही गोष्ट काही लहान नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खारीक-खोबऱ्याबरोबर लोकर पण उधळतात, ज्या घरात तो रिवाज आहे ते पहिली मूठ बाजूला काढतातच.

गोचिडासाठी धुवायचं कधी

कातरणीच्या दिवशी नाही. उघड्या जखमांवर औषध गेलं तर जळजळ होते आणि अंगात भिनू शकतं, म्हणून दहा-पंधरा दिवस जाऊ द्या, खपल्या धरल्या की मग. डोस लेबलवर आणि डॉक्टर सांगतील तसाच, अंदाजानं झाकण ओतायचं नाही. सकाळी करायचं, आणि धुवायच्या आधी मेंढ्यांना पोटभर पाणी पाजायचं, तहानलेली मेंढी औषधाचं पाणीच पिते. लोकर आखूड असल्यानं औषध कमी लागतं आणि चामडीपर्यंत पोचतं. त्याच दिवशी शेडच्या भिंतीच्या भेगा, गव्हाणीखालची जागा, दगडांचे सांदे पण फवारा, गोचीड अंडी मेंढीवर घालत नाही, तिथं घालते. फवारल्यावर गव्हाण कोरडी होऊन पुसून घेईपर्यंत त्यात चारा टाकायचा नाही.

आणि कात्र्या. काम संपलं त्याच संध्याकाळी रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं लोकरीचं तेल पुसा, जंतुनाशकात बुडवा, वाळवा, धार लावा, तेल लावून कापडात गुंडाळून ठेवा. लोकरीची मेणचट चरबी आणि मेंढीचं मूत यांनी पातं आठ दिवसात गंजतं, आणि सप्टेंबरात काढायला गेलात की धारवाल्याला शोधत फिरायची वेळ येते, जो आता प्रत्येक गावात राहिलेला नाही.